चित्र आहे, आवाज नाही

२७ ऑगस्ट

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा पाळी संपताना नोंद करावी लागे. कुठली लाइन मेली, कोण कोणाशी भांडलं, पाऊस की बर्फ. एक्स्चेंजला कुलूप लागून जमाना झाला, सवय काही जात नाही. कोरी रजिस्टरं मी तेव्हाच घरी आणून ठेवली होती, ती मला पुरून उरतील.

आजची नोंद: मुलानं, एर्मेकनं, रशियातल्या येकातेरिनबुर्गहून धाडलेला कॉम्प्युटर पोचला. पातळ, चकचकीत, पोळपाटाएवढा. ह्यांचा जुना कॉम्प्युटर ह्यांच्या पाठोपाठच गचकला होता. थोडा धीर धरला असता तर काय बिघडलं असतं, पण या घरात मला विचारून कोण जातंय!

थोरले दीर, कायनागा मोल्दोकुल, कालच येऊन बजावून गेले. ऑक्टोबरात ह्यांचा आश, म्हणजे वर्षाचं जेवण. घोडी कापायची, सगळा तालुका जेवायला येणार. "बूरुल," म्हणाले, "माझ्या भावानं अख्ख्या आतबाशीची लग्नं शूट केली, सुंता शूट केल्या. आणि त्याचा स्वतःचा फोटो कुठला? पासपोर्टवरचा. त्यातही चोरासारखा दिसतोय. आशच्या दिवशी हॉलमध्ये पडदा लावू. त्याची फिल्म दाखवू."

"ते कशात दिसणार, कायनागा? ते जन्मभर कॅमेऱ्याच्या मागं."

"दिसला नाही तर ऐकू तरी येईल. मागून सारखी टकळी चालू असायची त्याची."

खरंच आहे. घरात मुका, पण कॅमेरा डोळ्याला लावला की तोंडाला खळ नाही. आणि मला तो आवाज आठवत नाही. नुसत्या 'हॅलो'वरून मी सगळा तालुका ओळखत असे, आणि नवऱ्याचा आवाज काही केल्या कानात येत नाही. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिते.

२९ ऑगस्ट

बाजारात फोन दुरुस्त करते त्या रोझानं उन्हाळ्यातच जुन्या कॉम्प्युटरचं काळीज काढून एका डबीत घालून दिलं होतं. ती डबी आज नव्या कॉम्प्युटरला जोडली. सगळं आहे आत. लग्नांच्या फाइली, वर्षावार लावलेल्या. ह्यांच्या कपाटात मोज्यांची जोडी कधी जुळली नाही, पण फाइली बघा कशा टापटीप.

कायनागा मांडी ठोकून शेजारी बसले. पहिली फाइल उघडली तर सगळं वऱ्हाड छताला लोंबकळतंय! नवरी उलटी, शेळ्या उलट्या, आणि मधोमध कायनागा स्वतः उलटे नाचतायत. "उलटा बरा दिसतो मी," म्हणाले. मी पुष्कळ दिवसांनी हसले.

दुसरी फाइल सरळ होती, पण आवाज नव्हता. तिसरीतही नाही. वाजंत्रीवाले गाल फुगवतायत, बाया तोंडं उघडतायत, आणि आमच्या खोलीत नुसता घड्याळाचा आवाज. कायनागांनी कॉम्प्युटरला दोन टपल्या मारून बघितल्या.

एर्मेकला फोन लावला. तो तिकडे कॉम्प्युटरचंच काम करतो. मला तो आपा म्हणतो, बापाला आके म्हणायचा.

"आपा, कोडेकचा लोचा आहे," म्हणाला.

"ते काय असतं?"

"फाइल लहान व्हावी म्हणून चित्र आणि आवाज दाबून भरतात. कोडेक म्हणजे ते परत उलगडायची किल्ली. आकेनं आवाज कुठल्यातरी जुनाट पद्धतीनं भरलाय. नव्या मशीनकडे ती किल्लीच नाही."

"मग तू पाठव की."

"आता ती कुणी बनवत नाही, आपा." मग, "कुठल्या कुठल्या फाइली बघितल्यास?"

"तुझ्या काकाचं नाचणं. उलटं."

"अजून?"

"अजून कुठल्या बघायला हव्यात?"

"काही नको. डोळ्यांना त्रास होईल तुझ्या. फेकून दे ती डबी."

माझ्या डोळ्यांची काळजी! कधी नव्हे ती. मनाला जरा गार वाटलं.

४ सप्टेंबर

मुकी लग्नं बघायची चटक लागली आहे. चहा घेते आणि बसते.

आवाज नसला की माणूस नीट बघतो. या सगळ्या नवऱ्या, सासवा, दारू चढलेले मामा, जो तो कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. म्हणजे ह्यांच्याकडे बघून. कोणी ह्यांच्या तोंडापुढे तळलेला बोरसोक धरतंय, कोणी कुमिसचा, घोडीच्या आंबट दुधाचा, वाडगा नाचवतंय. एक म्हातारी तर कॅमेऱ्याचा गालगुच्चा घेते. लोकांचा ह्यांच्यावर इतका जीव होता, हे मला माझ्याच घरात बसून आता कळतंय.

मीही आहे काही लग्नांत. चहा ओतताना, ताट नेताना. कॅमेरा माझ्याकडे वळतो, आणि मी तोंड फिरवते. प्रत्येक वेळी. एकदा तर मी चक्क पाठ करून उभी राहिले, हातात किटली धरून, आणि चित्र तसंच माझ्या पाठीवर थांबलंय बराच वेळ. मग हळूच नवरीकडे गेलंय.

मी असं का करत होते ते आतबाशीत सगळ्यांना माहीत आहे. लिहिण्याचं कारण नाही.

१० सप्टेंबर

आज एर्मेकनं आपण होऊन फोन केला. हा मुलगा नौरोझला आणि माझ्या वाढदिवसाला फोन करतो, बाकी वर्षभर मीच. विचारत होता, आवाज आला का.

"कसा येईल? किल्ली कुणी बनवत नाही म्हणालास ना?"

"तेच. बाजारात नेऊ नकोस हां. ते लोक सगळं पुसून टाकतात."

"आशला येणार आहेस ना?"

"रजेचं अवघड आहे, आपा."

बापाच्या मातीलाही वेळेवर पोचला नाही. आला तो दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशी गेला. बापलेकांचं का बिनसलं होतं देव जाणे. ह्यांनी तर त्याला कधी चढ्या आवाजात हाकही मारली नाही.

मग नातवाला फोनवर आणलं. अर्सेन, पाच वर्षांचा. म्हणतो, "आजी, जत्रेत लाकडी घोडा होता गोल फिरणारा, पाप्पानं बसूच दिलं नाही." मी एर्मेकला झापलं, "किर्गिझाचं पोर आणि लाकडी घोड्यालाही भ्यायचं? लोक काय म्हणतील!" शहरात राहून माणूस भित्रा होतो.

१६ सप्टेंबर

सापडलं. शोधत नव्हते. लग्नांच्या यादीच्या तळाशी 'सराव' नावाची एकुलती एक फाइल होती. उघडली, आणि माझा धाकटा, जिरगाल, समोर.

आता लिहायलाच हवं. त्या उन्हाळ्यात कोणाच्या तरी नातवाच्या सुंतेची मेजवानी होती, तिथे घोड्यांची शर्यत. आमच्यात शर्यतीला पोरंच बसतात, वजनाला हलकी म्हणून. जिरगाल नऊ वर्षांचा. कायनागांच्या तांबड्या घोड्यावर तो बसला. मी त्याच्या डोक्याला लाल रुमाल बांधला आणि चुलाणावर निघून गेले, मांसाच्या कढया माझ्याकडे होत्या. ह्यांना मेजवानी शूट करायचं काम होतं. अर्ध्या वाटेत तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालचा खोगिराचा पट्टा, सैल होऊन खोगीर फिरलं. पोर खाली आलं, मागच्या घोड्यांच्या पायांत.

आमच्यात म्हण आहे, ज्याच्या हातानं तंग आवळला त्याच्या माथी स्वार. त्या संध्याकाळी लोकांनी विचारायच्या आधीच हे उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तंग मी आवळला होता." एवढंच. मी त्यांच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. जेवायला वाढलं, कपडे धुतले, आजारपण काढलं. पण तोंड वर करून बघितलं नाही. ह्यांच्या मयताला युर्तेत, म्हणजे तंबूत, रीतीप्रमाणे नमद्याच्या भिंतीकडे तोंड करून बसले, बायको म्हणून कोशोक मी म्हणायचा, आणि माझ्या तोंडातून विलापाचा एक शब्द फुटला नाही. शेवटी जावांनी म्हटला माझ्या वतीनं.

फाइलमध्ये शर्यत नाही. आधीचंच आहे सगळं. जिरगाल घोड्यावर, समोरचे दोन दात पडलेले. कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगतोय, मग मागे कुठेतरी बोट करतोय. तिकडे कढया होत्या, तिकडे मी होते. काय म्हणतोय माझं लेकरू? शेजारी एर्मेक उभा, चौदा वर्षांचा, लगाम धरून, लक्ष मुलींकडे. कॅमेरा खाली जातो, घोड्याच्या पोटाशी थांबतो, मग वर एर्मेककडे. एर्मेक मान डोलावतो. कॅमेरा परत खाली, परत वर. एर्मेक परत मान डोलावतो, जरा वैतागून. ह्यांनी विचारलं असेल, जेवलास का. मग परत जिरगाल. मग संपतं.

मी दिवसभर तेवढंच बघितलं. मला बाकी काही नको. तो काय म्हणतोय ते एकदा ऐकायचं आहे.

१७ सप्टेंबर

एर्मेकला सांगितलं. "तुझ्या भावाची फाइल सापडली रे. घोड्यावरची. तूही आहेस तिच्यात."

लाइन मेली असं वाटलं मला. "हॅलो, हॅलो" केलं.

"आहे, आपा." मग, "आकेनं ती ठेवली होती?"

"मला त्याचा आवाज ऐकायचाय, एर्मेक. काही कर. तुझ्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबाला विचार."

"ती सगळ्यात वाईट जातीची फाइल आहे. ती कधीच बोलणार नाही. पुसून टाक, आपा. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?"

"पुसून टाक म्हणे! भाऊ आहे तुझा!"

ओरडलेच मी. त्यानं रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. पोराला अजून त्या दिवसाचं दुःख आहे, आणि मी त्याच्यावर ओरडले. मीच कर्मदरिद्री.

२५ सप्टेंबर

आशची तयारी. कायनागांनी घोडी ठरवली. चहा पिताना आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "माझ्या भावानं जन्मात कधी तंग ढिला सोडला नाही. आमचा बाप आंधळा झाल्यावरही त्याला बिनधास्त घोड्यावर बसवायचा तो."

"एकदा सोडला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वाडगा खाली ठेवला आणि उठून गेले. अर्धा चहा तसाच. त्यांचंही वय झालं.

२८ सप्टेंबर

एर्मेकनं नको म्हटलं होतं तरी डबी आणि कॉम्प्युटर घेऊन बाजारात गेले. पुसलं गेलं तर जाईल, नाहीतरी मुकंच आहे.

रोझाचं दुकान म्हणजे लोखंडी डबा, त्यात ती आणि तिची शेगडी. मला ती एजे म्हणते, म्हणजे ताई. तिनं एक फाइल लावली, तोंड वाकडं केलं, चार ठिकाणी टिचक्या मारल्या, कुठूनसा एक प्लेअर उतरवून घेतला. मी अजून मफलर सोडतेय तोवर म्हणाली, "झालं, एजे."

"काय झालं? किल्ली कोणी बनवत नाही ना?"

"कोण म्हणतं? हा प्लेअर फुकट मिळतो, सगळ्या जुन्या किल्ल्या पोटात घेऊनच येतो. शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. तुमचा एर्मेक याच धंद्यात आहे ना?"

"तो मोठ्या मशीनवर असतो. असल्या बारीकसारीक गोष्टी त्याला कशा माहीत असणार?"

रोझा पुन्हा स्क्रीनकडे वळली. तपासायला म्हणून तिनं स्वतःचंच लग्न लावलं. आणि त्या लोखंडी डब्यात हे खोकले. बोलायच्या आधी खोकायची सवय होती, मी तीही विसरले होते. मग म्हणाले, "केलिन, नवरीबाई, नजर वर कर गं. रडतेस काय? तुला कुणी विकलेलं नाही, फक्त पलीकडच्या गल्लीत दिलंय!"

रोझा हसता हसता रडायला लागली. तिचा तो नवरा आता तिच्याजवळ नसतो. मला मात्र रडू आलं नाही. हात शेगडीवर धरून बसले.

"बघायच्या का अजून?" तिनं विचारलं.

"घरी बघेन," म्हटलं.

३० सप्टेंबर

'सराव' अजून उघडली नाही. भीती वाटते. लग्नंच ऐकते आहे.

आणि हे आढळलं. जिथे जिथे कॅमेरा माझ्याकडे वळतो आणि मी तोंड फिरवते, तिथे तिथे हे काहीतरी म्हणतात. हळू, कोणाला सांगायला नाही. कान लावून ऐकलं. "बरं," म्हणतात. एवढंच. किटलीवाल्या पाठीलाही म्हटलंय, "बरं." मग कॅमेरा वळतो आणि परत टकळी सुरू, "चला मंडळी, नवरदेवाचे दात दिसू देत!"

२ ऑक्टोबर

ऐकलं.

जिरगाल म्हणतो, "आके, आपाला हाक मार ना. तिला म्हणावं, बघ." आणि कढयांकडे बोट दाखवतो.

हे म्हणतात, "तिचे हात अडकलेत राजा. तू फेरी मारून ये, मग बघेल तुझ्याकडे."

मग कॅमेरा पोटाशी जातो. हे विचारतात, "एर्मेक, तंग आवळलास ना?"

"आवळला, आके."

"पुन्हा बघ एकदा. तांबडा पोट फुगवून धरतो."

"बघितला म्हटलं ना!"

"शाबास. थोरला आहेस तू." आणि कॅमेरा परत जिरगालकडे.

मी आयुष्यभर आवाजांचंच काम केलं. नवरा कामावर आहे सांगणारा कुठून बोलतोय ते मला पहिल्या शब्दात कळायचं. 'बघितला म्हटलं ना' या आवाजात बघितलेलं नव्हतं. चौदा वर्षांच्या पोराचा आळस होता, आणि मुली बघत होत्या.

ह्यांना ते तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी कळलं असणार. आणि उभे राहून म्हणाले, तंग मी आवळला होता.

३ ऑक्टोबर

कायनागांच्या अंगणात जाऊन उभी राहिले. "तुम्हाला ठाऊक होतं."

ते कुंपण दुरुस्त करत होते. हातोडी खाली ठेवली. "खोगीर मीच उचललं होतं मैदानातून. तंगाची गाठ पोराच्या हातची होती. तुझा तुर्दुबेक म्हणाला, दादा, तू काही बघितलं नाहीस. मग मी बघितलं नाही."

"आणि मला? मला का सांगितलं नाही? मी बायको होते त्यांची!"

"मी म्हटलं त्याला एकदा, बूरुलला तरी सांग. तर म्हणाला, आज तिचं एक पोर गेलंय. सांगितलं तर दोन जातील."

घरी येताना आधी एर्मेकचा संताप आला. फोनही उचलला होता. मग ह्यांचा आला, त्याहून जास्त. माझी परीक्षा न घेताच मला नापास केलं! मग दारात बसले आणि खरं काय ते मनाशी कबूल केलं. ह्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी त्या पोराकडेही तशीच पाठ फिरवली असती. चौदा वर्षांच्या पोराला ती पाठ सोसली नसती. म्हणून ह्यांनी ती स्वतःकडे घेतली आणि मरेपर्यंत 'बरं' म्हणत राहिले.

माझा चांगला माणूस होता तो. मला उशीर झाला. फार उशीर झाला.

६ ऑक्टोबर

एर्मेकचा फोन. इकडचं तिकडचं झालं. मग, "आपा, बाजारात नेलीस का डबी?"

"नेली."

त्याचा श्वास ऐकू येत होता. एक्स्चेंजमध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, लाइनवर माणूस गप्प झाला तर लाइन कापायची नाही. आत कोणीतरी असतं. मी थांबले, आणि मग म्हटलं,

"तुझंच खरं निघालं रे. रोझानं डोकं फोडलं, पण आवाज काही येत नाही. किल्लीच नाही कोणाकडे."

"कशालाच नाही?"

"कशालाच नाही. सगळ्या मुक्या. तशाच दाखवू आशच्या दिवशी."

पलीकडे तो रडत होता, तोंडावर हात दाबून. हाताआडचं रडणंही मला ओळखता येतं.

"ये रे," म्हटलं. "अर्सेनला घेऊन ये. रजा नाही मिळाली तर साहेबाला माझ्याशी बोलायला सांग."

"येतो, आपा," म्हणाला.

१२ ऑक्टोबर

रोझा माझ्यावर भडकली. "एवढा आवाज काढून दिला आणि तो बंद करून दाखवायचा? लोक त्या माणसाचा आवाज ऐकायला येतायत, एजे! तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"नाही. पण तू तोंड बंद ठेव. तुला ह्यांची शपथ."

तिनं प्लेअर उघडून आवाजाची खूण बंद केली, वरून एक शिवी हासडली आणि चहा ओतला.

कायनागांना सांगायला गेले तर त्यांनी पुरतं बोलूच दिलं नाही. "मुकीच दाखवू. कोणी बोंब मारली तर माझ्याकडे पाठव."

माझा मात्र जीव तुटतो. वर्षभर त्या आवाजासाठी तळमळले, आणि आता तो मीच कोंडून ठेवते आहे; एक जरी फाइल बोलली तर एर्मेकला कळेल, 'सराव'ही बोलली. एकदा वाटतं, एवढं एक तरी ह्यांच्या वाट्याला यायला हवं होतं. सगळ्या तालुक्यानं ऐकायला हवं होतं, तंग ह्यांनी आवळलाच नव्हता ते. तसं झालं तर ह्यांनी जन्मभर जे केलं ते मी एका दुपारी पुसून टाकेन. म्हणून नाही.

१९ ऑक्टोबर

आश पार पडला. एर्मेक आला. दारातच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला, माझ्याहून दोन वीत उंच माणूस. अर्सेन मध्ये घुसून विचारतोय, "घोडे कुठायत?"

सकाळी युर्तेत बसले. बाया आत येऊ लागल्या, जावांनी माझ्याकडे बघितलं, आम्हीच म्हणू का या नजरेनं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि माझा कोशोक सुरू झाला. कुठून आला माहीत नाही, थांबेचना. काय म्हटलं ते लिहीत नाही, ते ह्यांच्यासाठी होतं. बाहेर कायनागांनी टोपी काढून तोंड झाकलं, असं नंतर कळलं.

दुपारी हॉलमध्ये पडदा लावला. लग्नामागून लग्नं, मुकी. आधी कुजबुज झाली, आवाज वाढवा, आवाज वाढवा. मी उभी राहून म्हटलं, "आवाज नाही. जुन्या फाइली आहेत, नव्या मशीनवर बोलत नाहीत." रोझानं पायाच्या बोटांकडे बघितलं.

मग पडद्यावर तिचंच लग्न आलं. नवरी मान खाली घालून बसलेली. आणि अंधारातून रोझाचाच आवाज, "इथे म्हणाला होता, तुला कुणी विकलेलं नाही, पलीकडच्या गल्लीत दिलंय!" हॉल हसला. पुढच्या लग्नाला मागच्या रांगेतला एक गडी ओरडला, "मला म्हणाला, पोट आत घे, लेन्स फुटेल!" मग काय, ज्याचं लग्न त्याचा आवाज. कोणी खोकून ह्यांची नक्कलही केली. अख्खा हॉल ह्यांचं बोलत होता. माझ्या शेजारी एर्मेक गुडघे धरून बसला होता, गाल ओले.

मग मी आले पडद्यावर, किटली घेऊन. पाठ फिरवली. चित्र माझ्या पाठीवर थांबलं. या ठिकाणी कोणाला काही आठवेना, सगळे गप्प. तिथे काय म्हटलं होतं ते एकट्या मला ठाऊक होतं. मी म्हटलं.

"काय म्हणालीस, आपा?" एर्मेकनं विचारलं.

"काही नाही. बघ तू."

२० ऑक्टोबर

उद्या जाणार आहेत दोघं. सकाळी कायनागा त्यांची म्हातारी घोडी घेऊन आले. अर्सेन तिच्या पायांशी नाचत होता, बसू दे, बसू दे. एर्मेक पांढराफटक पडला. "नको," म्हणाला, "पडेल." पोर रडायला लागलं. कायनागा जमिनीकडे बघत उभे राहिले.

मी हातातली बादली खाली ठेवली. खोगीर नीट बसवलं, गुडघा घोडीच्या पोटाला लावला आणि तंग ओढला. तिनं श्वास सोडेपर्यंत थांबले, परत ओढला. बोट घालून बघितलं, जाईना. मग वळले, आणि कायनागांना, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं,

"तंग मी आवळलाय. बसव पोराला."

एर्मेक माझ्याकडे बघत राहिला. मी तोंड फिरवलं नाही. तो पुष्कळ वेळ बघत होता, माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधत होता, आणि मला वाटतं ते त्याला सापडलं. त्यानं अर्सेनला उचलून खोगिरावर ठेवलं. घसा खाकरला, अगदी तसाच, आणि म्हणाला,

"बरं."

एक्स्चेंजवर असते तर फसले असते. हेच बोलतायत समजून मी लाइन जोडून दिली असती.